तुलांबेन, डाइव्ह ११ : एकदाचा थांबलो बाप्पा
तीन मिनिटं. बालीच्या तुलांबेनला, स्कुबा डाइव्हवरून वर येतानाच्या सुरक्षा-थांब्याला पाच मीटरवर, सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेले आणि हातात एकही दगड धरलेला नाही. मागच्या अपडेटमध्ये मी बुचासारखा वर आलो म्हणून जे हसले, त्यांनी हे दोनदा वाचावं.

गोची तीच होती. नागपूरच्या पूलमध्ये पाण्याखाली राहायला मला कमरेला तीन किलो शिसं पुरतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड आणि मी किटसकट ९२ किलो, म्हणजे वर सव्वादोन किलो. पाच लावले. उतरताना झकास, बुडालेल्या लिबर्टी जहाजाच्या सांगाड्यापाशी २५ मीटरवरही मजेत. पण परतीच्या उतारावर सात-आठ मीटरला आलो की पाय आकाशाकडे!

आधी खापर नव्या तीन मिलिमीटरच्या सूटवर फोडलं. मग भाड्याच्या बीसीडीवर, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जाकिटावर (तिचा वजनाचा खिसा खरंच सुटतो, भाड्याने घेताना ओढून बघत जा). काल रात्री कागदावर मांडलं तेव्हा ट्यूब पेटली. ॲल्युमिनियमचं ११ लिटरचं सिलिंडर २०० वरून ५० बारवर येईपर्यंत आपण त्यातली दोन किलो हवा फुंकून टाकतो. अन् मी पूलमध्ये वजन तपासलं होतं भरल्या सिलिंडरवर. गाढवपणा.

आज सात लावले, तर गाईडने एक किलो काढूनच घेतला आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं. मी छाती अर्धी भरलेली ठेवूनच श्वास घेत होतो. फुफ्फुसात लिटरभर हवा जास्त म्हणजे किलोभर उचल. सहा किलो, लांब उच्छ्वास, आणि खालच्या काळ्या वाळूतले गार्डन ईल मासे बघत निवांत तरंगलो.

किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवरून पाण्यात शिरणं मात्र अजून जमलेलं नाही. १९४२ मध्ये टॉर्पेडो लागून किनाऱ्याला लावलेलं हे जहाज आगुंग ज्वालामुखीच्या १९६३ च्या उद्रेकाने पाण्यात ढकललं, आणि त्याच आगुंगचे हे काळे गोटे लाटेबरोबर पायाखालून गडगडतात. आपली सीताबर्डीची टेकडीही ज्वालामुखीच्याच दगडाची, पण ती निदान जागेवर राहते! ऑनलाइन मागवलेले बूट पातळ तळव्याचे निघाले, घोटा सुजलाय. गावातल्या बाया त्याच गोट्यांवरून डोक्यावर सिलिंडर घेऊन चालतात, त्यामुळे तक्रार कोणत्या तोंडाने करू?

परतल्यावर पूलमध्ये ५० बारच्या सिलिंडरवर वजन तपासणार. तो आकडा अधिक माझ्या किटसकट वजनाचे अडीच टक्के, बस. व्हिडिओ लाइटचे पैसे जाड तळव्याच्या बुटांत.

उद्या पहाटे सहाला टेंगूळवाले पोपटमासे, कॅमेऱ्याशिवाय. उद्याच रात्रीची डाइव्हही... थांबा. परवा सकाळी अकराचं विमान, आणि त्याआधी १८ तास कोरडं राहायचं. म्हणजे उद्या संध्याकाळी पाचला सगळं बंद. मग रात्रीची आजच करावी लागेल. टॉर्च चार्जिंगला लावतो.