पालथी पडली तर?

शनिवार, रात्रीचे अकरा. बाहेर लख्ख उजेड. जूनमध्ये इथे अलास्कात, अँकरेजला, सूर्य साडेअकराच्या पुढे कधीतरी मावळतो, तोही लाजेकाजेस्तव. झोप येत नाहीये ते त्यामुळे नाही, दुपारचं ते डोक्यातून जातच नाहीये.

आज ग्लेन आल्प्सच्या डोंगरवाटेला गेले होते सॅक चढवून. सॅकमध्ये बासमतीची दहा पौंडाची पिशवी, पाण्याच्या चार बाटल्या, टेंट, आणि छातीवर ते पिस्तूल अडकवायचं होल्स्टर. आठवडाभर घरात घालून फिरत होते, आरशात बघत होते, पण घरात चालणं वेगळं आणि चढावर वेगळं. पट्टे कुठे काचतात, पाऊण तासाने खांद्याला काय होतं, ते घरात कळत नाही.

पार्किंगपासून त्या ओव्हरलुकला जायची छोटी डांबरी वाट आहे, तिथे सगळे टुरिस्ट असतात. मी परत येत होते आणि समोरून एक कुटुंब. मुलगा, सून, आणि आजी. आजींच्या अंगावर नऊवारी नव्हती काही, पँट आणि वर मुलाचं जाडजूड जॅकेट, पण कपाळावर टिकली आणि चालण्याची ती ढब, मी शंभर मीटरवरून ओळखलं असतं. मी आपलं हसायच्या तयारीत. आणि आजी थांबल्या. माझ्या छातीकडे बघत, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अगं बाई, बाईमाणूस आणि हे काय लावून फिरतीये!"

मुलगा म्हणाला, "आई, हळू बोल." सून म्हणाली, "बोलू दे हो, त्यांना कुठे कळतंय."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी. मुलाने हाय म्हटलं. मी पण हाय म्हटलं.

बस, एवढंच. म्हणजे एवढंच नाही, पुढे अजून झालं, पण मला लागलंय ते इथेच. मी हाय का म्हटलं? साधं "नमस्कार आजी, अस्वलासाठी आहे हो ते" एवढं बोलायला काय झालं होतं? आठ वर्षं झाली इथे, मराठी कानावर पडते ती फोनमधून, नाहीतर मेधाकडे गणपतीत, आणि प्रत्यक्ष चालून आलेली मराठी समोर उभी होती तर माझी दातखीळ बसली.

असो. आधी त्या होल्स्टरचं लिहिते, कारण तीन आठवडे घरात दुसरा विषय नाहीये आणि नितीनने तर आता कानांना हात लावलेत.

रेझरेक्शन पास ट्रेल, होप गावापासून कूपर लँडिंगपर्यंत, साधारण ३९ मैल म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट किलोमीटर, आम्ही पाच दिवसांत करणार. काळी अस्वलं आहेत, तपकिरी आहेत, आणि कूपर लँडिंगच्या बाजूला रशियन रिव्हरला सॅमन चढायला लागले की त्यांची पंगतच बसते. डेव्हने पिस्तूल दिलंय, टेन एमएमचं, भरलेलं असताना किलोभराच्या वर जातं. मला घ्यायचं नव्हतं. पण डेव्हचा गुडघा गेला, तो येत नाहीये, आणि आमच्यात नेमबाजीच्या रेंजवर नियमाने जाणारी मी एकटीच. एच-वन-बीवर होते तेव्हा प्रश्नच नव्हता, त्या व्हिसावर बंदूक बाळगणंच गुन्हा (शिकारीचं लायसन्स काढलं की चालतं, म्हणजे कायद्याची पण कमाल आहे). आता ग्रीन कार्ड आहे, आणि अलास्कात तर २००३ पासून लपवून बाळगायलाही परमिट लागत नाही. आमच्याकडे काकांची बारा बोरची होती, निवडणूक लागली की ती गोणपाटात गुंडाळून पोलीस स्टेशनात जमा करायची आणि निकालानंतर पावती दाखवून आणायची, बंदुकीशी माझा संबंध तेवढाच. एकदा मी ती पावती हरवली होती. जाऊ दे.

तर बाळगायचं कुठे. कमरेला लावावं तर सॅकचा कमरपट्टा बरोब्बर तिथेच येतो, होल्स्टर हाडात रुततं आणि पिस्तूल पट्ट्याखाली असं दबतं की काढायला आधी सॅक उतरवावी लागेल. अस्वल थांबणार आहे होय तोपर्यंत? ते तासाला पन्नास-पंचावन्न किलोमीटरने पळतं. सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवणं म्हणजे घरी ठेवल्यासारखंच. सॅकच्याच पट्ट्याला अडकवायचं होल्स्टर पण मिळतं, ते मला आधी फार हुशारीचं वाटलं होतं, मग लक्षात आलं की सॅक उतरवली की पिस्तूलही उतरलं, आणि पाणी भरायला नाहीतर झुडपामागे जाताना आपण सॅक उतरवतोच, भेट व्हायची तर तेव्हाच होणार. मांडीचं होल्स्टर लावून जिना चढून बघितला, प्रत्येक पायरीला फटका. पोटावरची पिशवी, तिची चेन मला घाईत कधी उघडलेली नाही, पर्समधून किल्ली काढताना माझं काय होतं ते नितीनला विचारा.

राहिली छाती. इथे फिशिंगवाले सगळे छातीवरच लावतात. आधी होल्स्टरचे पट्टे घालायचे, त्यावर सॅक, म्हणजे सॅक काढली तरी ते अंगावरच. कडक प्लास्टिकचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, उजव्या हाताला मूठ येते आणि नळी डावीकडे खाली. काढताना डावा हात वाटेत आणायचा नाही, हे मी रिकामं पिस्तूल घेऊन दोनशे वेळा तरी घोटलंय. फक्त ज्या कोणी हे डिझाइन केलंय त्याने आयुष्यात बाईची छाती बघितलेली नसावी. वर घेतलं तर हनुवटीला लागतं, खाली घेतलं तर बरगडीवर बसतं, आणि मध्ये, मध्ये तर बसतच नाही. शेवटी बरगडीवर ठेवलं. सॅकचा छातीचा पट्टा त्याच्या वरून. रेनकोट वरून घातला की चेन उघडल्याशिवाय हात पोचत नाही, आणि तिकडे पाऊस तर ठरलेला. त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

आणि आजींना काय माहीत की दुपारी ते रिकामं होतं. गोळ्यांचं मॅगझिन घरी, ओट्यावर, डब्याशेजारी.

खरं सांगायचं तर माझा भरवसा अस्वलाच्या तोंडावर मारायच्या तिखट स्प्रेवरच जास्त आहे. तो कमरपट्ट्यावर डावीकडे. २००८ साली टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो वगैरे अस्वलांच्या अभ्यासकांनी अलास्कातल्या १९८५ ते २००६ मधल्या घटना तपासल्या होत्या, तपकिरी अस्वलांना स्प्रेने थोपवल्याचं प्रमाण ९२ टक्के. नंतर २०१२ मध्ये बंदुकांचं केलं तर पिस्तुलाचं आलं ८४. मग पिस्तूल कशाला, असं नितीन म्हणतो, आणि मी म्हणते वारा समोरून असला तर स्प्रे आपल्याच डोळ्यात. पण मला स्वतःलाच ते पटतं का, माहीत नाही. कदाचित मला एवढंच हवंय की कोणीतरी म्हणावं, ही घाबरत नाही. आणि मारलंच अस्वल तर? इथला नियम असा की जीव वाचवायला मारलं तरी ते सरकारचं, कातडं सोलायचं, पंज्यांच्या नखांसकट, कवटी वेगळी करायची आणि फिश अँड गेम या सरकारी खात्याला नेऊन द्यायची, वर लेखी रिपोर्ट. मी! जिने आजवर कोंबडी साफ केलेली नाही, जिला कोलंबीचा दोरा काढतानाही तोंड फिरवावं लागतं.

पुन्हा तेच. का नाही बोलले?

पहिलं वाटलं की लाजले. पण कशाची? इथे दर चौथ्या माणसाच्या अंगावर असतं, कोणी वळूनही बघत नाही. मग वाटलं पुढचे प्रश्न नको होते, कुठल्या तुम्ही, सातारा का, साताऱ्यात कुठे, आडनाव काय, मिस्टर काय करतात. मग वाटलं आईच्या कानावर जाईल. तसं ते जाऊ शकतंच, आपल्याकडे कोण कोणाची मावससासू निघेल सांगता येत नाही, आणि आईला मी सांगितलंय की आम्ही काठी घेऊन जातो. काठी! हरिश्चंद्रगडाला नेतात तशी.

पण खरं कारण मला वाटतं सुनेचं ते वाक्य. "त्यांना कुठे कळतंय" म्हटल्यावर मी बोलले असते तर त्या बिचारीला जमिनीत गाडल्यासारखं झालं असतं. म्हणजे मी त्यांच्यासाठी गप्प बसले. किती मोठं मन माझं. खोटं आहे हे. लिहितानाच कळतंय की खोटं आहे. मला ऐकायचं होतं. आपल्याबद्दल आपल्यासमोर, आपल्याला कळत नाही असं समजून, कोणीतरी मराठीत बोलतंय, हे थोडं गोड पण लागत होतं आणि टोचत पण होतं, पायातला काटा दाबून बघतो ना आपण, तसं. बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने मी तिथेच वाकले. सॅकसकट. होल्स्टर बरगडीत घुसलं, तरी वाकूनच राहिले.

आजी म्हणाल्या, "चेहऱ्यावरून आपल्यातलीच वाटते रे."

मुलगा म्हणाला, "नाही गं, इथली नेटिव्ह असेल."

आठ वर्षं मी लोकांना सांगतेय की हो, मी इथेच राहते, नाही, फिरायला नाही आले, आणि या पठ्ठ्याने एका वाक्यात मला हजारो वर्षांपासून इथलीच करून टाकलं. हसू आलं. तिथे नाही, नंतर गाडीत. सिग्नलला एकटीच हसत होते.

पुढे चार पावलं गेल्यावर आजी परत वळल्या. माझ्याकडे नाही, त्या वस्तूकडे बघत. "पण काय रे, पालथी पडली तर?"

मुलाला काही सुचलं नाही. "नाही पडत गं," म्हणाला. आणि गेले ते. मी लेस सोडून परत बांधत बसले.

पालथी पडली तर. तीन आठवडे झाले, डेव्हला विचारलं, दुकानातल्या दोघांना विचारलं, पट्ट्याची रुंदी, प्लास्टिक का चामडं, नळी किती अंशात, सगळा खल केला, आणि हा प्रश्न कोणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही. आणि मी स्वतः सगळ्यांना पाठ करून घेतलंय की काळं असेल तर लढायचं, पण तपकिरी अंगावर आलंच तर सॅक काढायची नाही, पालथं पडायचं, बोटं गुंफून मानेवर ठेवायची, पाय फाकवायचे म्हणजे ते उलथवू शकत नाही, आणि मेल्याचं सोंग. पालथं! लहानपणच्या गोष्टीतला तो मित्र नुसता पडून राहिला होता, त्याच्या छातीखाली किलोभर लोखंड नव्हतं.

आजी आत्ता हॉटेलात असतील. त्यांना म्हातारपणी खुब्याच्या हाडाची काळजी, म्हणून पडण्याचा विचार आधी सुचला असेल. का त्यांनीही कधी कमरेला काही खोचून डोंगर चढलेत, विळा, कोयता? विचारता आलं असतं.

दहाला नितीन झोपल्यावर मी परत सगळं चढवलं. पिस्तूल रिकामं, चेंबर तीनदा बघून. होल्स्टर, सॅक, तांदळासकट. आणि हॉलमध्ये कार्पेटवर पालथी झाले. नुसतं झोपून नाही, उभ्याचं गुडघ्यावर आणि तिथून धप्प, जमेल तेवढं खरं. डाव्या बरगडीखाली अशी कळ आली की मेल्याचं सोंग करायची गरजच पडली नाही. तरी पडून राहिले, बोटं मानेवर गुंफून, पाय फाकवून, एक ते साठ मोजत. अठ्ठेचाळीसला नितीन पाणी प्यायला बाहेर आला. बघितलं, मला ओलांडून फ्रिजकडे गेला, परत येताना म्हणाला, "तांदूळ सांडलाय तुझ्या सॅकमधून."

सांडला होता खरंच. आत्ता तोच गोळा करून आले. पट्टे दोन भोकं सैल केलेत, म्हणजे पडले तर ते थोडं उजवीकडे सरकेल. उद्या परत पडून बघते, यावेळी रेनकोट घालून.