चौकोनाची बाजू घेऊन

मारुती ईको देखणी आहे असं ती विकणारासुद्धा म्हणत नाही. तो मायलेज सांगतो, जागा सांगतो, हप्ता सांगतो आणि रंगावर येतो, म्हणजे पांढऱ्यावर. मंगल कार्यालयाच्या दारात ही गाडी आली की वॉचमन काही न विचारता मागच्या फाटकाकडे हात करतो. यात मानापमान मानू नये. स्टेज बहुतेक मागच्या फाटकाजवळच असतं आणि पुढच्या दारातून आलेली चकचकीत गाडी शेवटी सामान उतरवायला तिथंच येते.

गावोगाव कार्यक्रम करणारा सुगम संगीताचा किंवा भजनाचा चौघांचा संच घ्या. सामान काय, तर पंधरा इंची दोन टॉप, म्हणजे स्पीकरचे खोके, त्यांचे स्टँड, माइकचे आवाज जुळवणारा छोटा मिक्सर, माइकस्टँड, केबलची पिशवी, पेटी, तबला-डग्गा. एक टॉप साधारण ७० सेंटिमीटर उंच, ४३ रुंद, ४० खोल, वजन वीस किलोच्या आसपास. सगळं मिळून शंभर-सव्वाशे किलो. ट्रक लागावा इतकं हे नाही आणि रिक्षात मावावं इतकंही नाही. टाटा एस सामान सगळं नेईल, पण माणसं दोनच. उरलेले एसटीने येणार आणि पाऊस आला की ताडपत्री कोण बांधणार यावर चर्चा होणार.

मग लोक गाड्यांच्या डिकीचे आकडे बघू लागतात, आणि इथंच फसतात. पाच आसनी पेट्रोल ईकोची डिकी ५४० लिटर. अर्टिगाची तिसरी रांग पाडली की ५५०. कागदावर अर्टिगा दहा लिटरने पुढे, शिवाय चारचौघांत शोभणारी. पण लिटर हे माप पाण्याला ठीक. डिकी मोजताना कंपन्या छोटे एक-एक लिटरचे ठोकळे रचतात. ते काचेच्या उतारातही बसतात आणि चाकाच्या फुगवट्याशेजारच्या खाचेतही. टॉप तसा बसत नाही. त्याला सरळ भिंत, सपाट तळ आणि उभं दार लागतं. मागची काच जरा तिरपी झाली, छत जरा उतरलं की बॉक्स आत जातो, पण दार लागत नाही. गाडीचं देखणेपण ज्याला म्हणतात ते बहुतेक वेळा असंच सामानाच्या जागेतून कापून घेतलेलं असतं.

ईकोच्या सांगाड्याची आधीची गोष्ट मजेशीर आहे. २००१ मध्ये मारुतीने ‘व्हर्सा’ आणली. जाहिरातीत अमिताभ आणि अभिषेक बच्चन, वरच्या मॉडेलला पुढे-मागे असा दुहेरी एसी. कौटुंबिक ऐटीची गाडी म्हणून ती खपवायची होती आणि ती खपली नाही. २०१० मध्ये तोच सांगाडा थाट काढून, लहान १.२ लिटरचं इंजिन टाकून, स्वस्त करून ‘ईको’ या नावाने आला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत दहा लाखांच्या वर खपला. मूळ सांगाडा बदलला नव्हता. फक्त तो शोभेचा आहे असं म्हणणं कंपनीने सोडून दिलं होतं.

घेण्याआधी शोरूममध्ये टेप घेऊन जावं. सेल्समन हसला तर हसू द्यावा. आतली रुंदी मोजण्यात अर्थ नाही. मागच्या दाराची चौकट मोजायची, सर्वांत अरुंद ठिकाणी. मग चाकांच्या फुगवट्यांमधलं अंतर. मग सीटच्या पाठीपासून बंद दारापर्यंतचं अंतर, तळाशी एकदा आणि टॉपच्या उंचीवर एकदा. सीएनजी घ्यायची असेल तर सीएनजीचीच गाडी मोजावी, कारण टाकी मागची जागा खाते. पेट्रोलच्या गाडीत मोजून सीएनजी बुक करणारे नंतर स्टँड मांडीवर घेऊन प्रवास करतात. तिसऱ्या रांगेच्या मोहात तर पडूच नये. ती रांग भरली की मागे उरते ती डब्याची पिशवी ठेवण्यापुरती जागा.

सरकत्या दारांचं महत्त्व पेठांमधल्या गल्लीत कळतं. गाडीची रुंदी १४७५ मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांहूनही कमी. शेजारी भिंत असली तरी दार उघडतं. मागचं दार वर उघडतं, त्याला मात्र मागे जागा सोडून गाडी लावावी लागते. पावसात हेच दार डोक्यावरचं छप्पर होतं. मिक्सर कोरडा उतरतो.

भरण्याचं शास्त्र थोडं आहे, पण चुकलं की महागात पडतं. मागची सीट माणसांनी भरलेली असताना डिकीतलं सगळं ओझं मागच्या चाकांवर आणि त्यांच्याही मागे येतं. म्हणून दोन्ही टॉप सीटच्या पाठीला टेकवून, खाली, जाळी सीटकडे करून. स्टँड त्यांच्या बाजूला आडवे. केबल, कापडं, हलकं ते दाराकडे. उलटं केलं तर पुढचं नाक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं वाटायला लागतं. या गाडीला कित्येक वर्षं पॉवर स्टिअरिंग नव्हतं, त्यामुळे ते हलकेपण चालकाला आवडतंही. पण पुढच्या चाकांवरचं वजन कमी झाल्याचं ते लक्षण आहे. उघड्या पुलावर आडवा वारा लागला की गाडी लेन सोडू पाहते.

बॉक्स बांधायलाच हवेत. खटका ओढून आवळायचा रॅचेटचा पट्टा घ्यावा, पंचवीस मिलिमीटरचा पुरतो. नायलॉनची दोरी सैल पडते. अचानक ब्रेक लागला तर वीस किलोचा टॉप पंधरा-सोळा किलोच्या जोराने पुढे ढकलतो, हे सीटची पाठ सहन करते. धडकेत हाच जोर चारशे किलोच्या घरात जातो, आणि मध्ये असते ती तबलजीची मान.

तबल्यावरून आठवलं. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. ऑइल बघायचं तरी सीट उचलावी लागते. लांबचा घाट चढून आल्यावर तिथला पत्रा चांगलाच तापतो. तबला पायाशी ठेवायची सवय इथं नडते: उष्णतेने पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सुकते, ताणते, सूर चढतो आणि पोचल्यावर अर्धा तास हातोडीची टकटक. चौघे असतील तर मागच्या सीटवरची तिसरी जागा तबला-डग्ग्याची. त्यांना सीटबेल्टही लावावा.

चालवताना दोन गोष्टी. इंजिनचा जोर मागच्या चाकांना मिळतो, त्यामुळे चिखलाच्या चढावर रिकामी ईको जागच्या जागी चाकं फिरवते आणि भरलेली निमूट चढते. उतारावर मात्र ओझं उलटतं. कशेडी असो वा आंबोली, ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवावी. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की खाली येईपर्यंत ब्रेक तापून ढिले पडतात. गाडी न्यूट्रल करून, इंजिन बंद करून डिझेल-पेट्रोल वाचवणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. इंजिन बंद म्हणजे पायाला मदत करणारा ब्रेकचा बूस्टरही बंद. मागच्या टायरमध्ये भरलेल्या गाडीची हवा वेगळी असते, कंपनीने सांगितलेला आकडा बघून भरावी. तेरा इंची चाकं आहेत, खड्डा त्यांना मोठाच दिसतो.

सुरक्षिततेबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. २०१६ मध्ये गाड्या धडकवून तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले. सहा एअरबॅग आल्या त्या २०२५ मध्ये. जुनी गाडी असेल तर द्रुतगती मार्गावर डावी लेन आणि ऐंशीच्या आतला काटा, मग मागचा कितीही दिवे मारो.

जुनी घेणाऱ्यांसाठी थोडं. सरकतं दार एका बोटाने अर्ध्यात थांबवून सोडावं. खाली बसलं तर रोलर झिजलेत. रुळात लाल माती आणि ग्रीस यांचा लगदा असेल तर ब्रशने काढून मगच नवं ग्रीस, तेही रोलरवर, बेताचं. पहिला गिअर टाकून क्लच सोडताना खालून ‘टक्’ आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला, ते धरून भाव पाडावा. मॅट उचलून पत्रा बघावा. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, झाली का, पाटीवरची तारीख वाचावी. आणि मालक मागचं दार उघडून दाखवताना ते एका हाताने धरूनच बोलत असेल, तर दार वर तोलून धरणाऱ्या गॅसच्या नळ्या संपल्यात असं समजावं.