बुधवारची वही

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवाव्यात असे पत्र आले, तेव्हा वर्ग, फळा किंवा स्नेहसंमेलन यांच्या आधी मला माझी शंभरपानी गाण्यांची वही आठवली. 1972 साली, म्हणजे दुष्काळाच्या त्या वर्षी, मी आठवीत होतो आणि अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातून सायकलने शाळेत येत असे.

गल्लीत रेडिओ एकच होता. त्याच्या मालकांना आम्ही सारे आबा म्हणत असू. टपाल कार्यालयात दरवर्षी फी भरून परवान्याचे पुस्तक नोंदवून आणावे लागे, म्हणून ते त्या रेडिओला घरातल्या कर्त्या माणसाइतका मान देत. बुधवारी रात्री आठच्या सुमारास त्यांच्या ओट्यावर गोणपाट अंथरले जाई, कारण श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर तेव्हा हिंदी चित्रपटगीतांची ‘बिनाका गीतमाला’ लागे. दिवसभर उन्हात ठेवून तरतरी आणलेले सेल आबा स्वतः घालत. त्या कामी ते कोणाला हात लावू देत नसत.

आपल्या गाण्यांसाठी कोलंबोकडे कान लावावा लागण्याचे कारण मला फार पुढे कळले. बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना, 1952 च्या सुमारास, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सिलोनवर गीतमाला सुरू झाली. 1957 मध्ये विविध भारती आली, गाणीही परतली. तरी बुधवार मात्र सिलोनचाच राहिला. गीतमालेचे निवेदक अमीन सयानी यांचे ‘बहनों और भाइयों’ ऐकू आले की ओट्यावरची कुजबुज थांबे, आणि पहिल्या पायदानाच्या, म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या, गाण्याआधी बिगुल वाजला की आबांची म्हातारी आईसुद्धा आतून दाराशी येऊन बसे.

अडचण होती ती शॉर्टवेव्हची. आवाज लाटेसारखा वर येई आणि नेमक्या गोड जागी विरून जाई, मग खरखर, मध्येच कुठली तरी परकी भाषा, आणि शेजारून कोणी तरी विचारी, “काय म्हनस रे तो?” घरी अहिराणी बोलणाऱ्या आम्हा मुलांना गाण्यांतली उर्दू अशीही अर्धीच कळत असे. मी कंदिलापाशी बसून कडव्यांचे जे तुकडे हाती लागत ते उतरवी, ऐकू न आलेल्या शब्दाच्या जागी रेघ ओढी आणि न समजलेल्या शब्दाच्या जागी जवळचा शब्द बसवी. ‘तसव्वुर’ माझ्या वहीत ‘तसबीर’ झाला तो असा. उरलेल्या रेघा भरायला पुढचा बुधवार तरी हवा किंवा वैशाखातील सखाराम महाराजांची यात्रा तरी, कारण बोरी नदीच्या पात्रातल्या दुकानांवर सिनेमाच्या गाण्यांची पातळ पुस्तके मिळत. (त्या पुस्तकांत छपाईच्या चुका इतक्या असत की माझी वही बरी वाटे.) आज मोबाइलवर तीच गाणी लख्ख ऐकू येतात, पण सोबत गुणगुणताना माझ्या तोंडून अजून ‘तसबीर’च निघते, आणि खरे सांगायचे तर ती मला अधिक गोड लागते.

ही वही एकदा हिंदीच्या तासाला बाकाखालून पकडली गेली. सरांनी ती उघडली, दोन पाने वाचली आणि काही न बोलता घेऊन गेले. वडिलांना निरोप जाणार या धास्तीने त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी शिक्षकांच्या खोलीच्या दारातच वही परत दिली. उघडून पाहतो तो निबंध तपासावा तशी सगळी वही लाल शाईने तपासलेली. राहिलेले अनुस्वार आणि नुक्ते दिले होते, ‘तसबीर’ खोडून वर ‘तसव्वुर’ आणि समासात ‘कल्पना’ असा अर्थ लिहिला होता. आणखी एक गोष्ट घरी जाताना, सायकल झाडाला टेकवून पुन्हा पाने चाळली तेव्हा लक्षात आली, ती म्हणजे माझ्या बहुतेक रेघांवर अचूक शब्द भरलेले होते. सरही बुधवारी आठ वाजता कुठल्या तरी ओट्यावर बसत होते तर!

एका रेघेवर मात्र त्यांनी लाल शाईने नुसते प्रश्नचिन्ह काढले होते. त्या रात्री आवाज त्यांच्याकडेही त्याच जागी गेला असावा.