नावडत्यांची वही

आमच्या कोल्हापूरच्या शाळेच्या स्मरणिकेचं पत्र आलं. 'शाळेने मला काय दिले' यावर लिहा, म्हणे. खो-खोची ढाल, स्नेहसंमेलन, चौकातला पिंपळ, जुनी इमारत पाडताना कोण कोण रडलं, हे सगळं बाकीचे लिहितीलच. मला विज्ञानाच्या सरांच्या वहीपलीकडे काही सुचत नाही. लेख लांबला तर संपादकांनी दोष सरांच्या माथी मारावा, त्यांची त्याला कधीच हरकत नसायची.

वही दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. प्रयोगशाळेच्या कपाटात स्पिरिटच्या दिव्यांशेजारी असायची. वर सरांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द: 'नावडते'. शनिवारची सकाळची शाळा सुटली की ज्यांना थांबायचं असेल ते थांबत, सर चावीचा ग्रामोफोन काढत आणि रेकॉर्डी लागत. नियम असा की गाणं आवडलं तर काही लिहायचं नाही, खुशाल मान डोलवा आणि घरी जा. नाही आवडलं तर पान भरायचं. पानावर रकाने आखलेले: पट्टी, ताल, लय, रेकॉर्ड कुठल्या काळातली, कशावर वाजवली आणि शेवटचा सगळ्यांत रुंद रकाना, 'नेमकं कुठं बिनसलं'. तिथं मिनिट आणि सेकंद घालायचे. 'सगळंच बोअर' असं लिहिलेलं पान सर परत देत. "नाक मुरडायला काय लागतंय रं? कुठं मुरडलं ते दाखव."

त्या वहीतला एक शनिवार अजून डोळ्यांपुढे आहे. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड लागली आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "बाईमाणूस गातंय का हे?" वर्ग खिदळला. सर रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून जाड ड्रॉइंग पेपरची एक चकती काढली, कडेला काळ्या शाईने ७७ रेघा समान अंतरावर मारलेल्या. ती रेकॉर्डवर ठेवली, चावी दिली आणि ट्यूबलाइट लावली. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असेल तर दर लुकलुकीला एक रेघ बरोबर पुढच्या रेघेच्या जागी येते आणि रेघा थांबल्यासारख्या दिसतात. आमच्या रेघा थांबेनात. फिरण्याच्या दिशेने पुढे पळत होत्या, म्हणजे यंत्र जोरात फिरत होतं.

मग लेबलवर खडूचा ठिपका दिला, क्रीडा विभागातून स्टॉपवॉच मागवलं आणि दोघांनी एक मिनिट फेरे मोजले. ८३ भरले. पेटीवर एक पट्टी, म्हणजे लगतच्या सुरावर, वर जायला ७८ चे साधारण ८२.६ व्हावे लागतात. म्हणजे गायक पांढरी पाचवर गात असेल तर आम्हाला काळी चार, तीही किंचित चढलेली ऐकू येत होती आणि तीन मिनिटांची रेकॉर्ड अकरा सेकंद आधी संपत होती. खाँसाहेबांचा आवाज मुळातच बारीक आणि टोकदार, त्यावर ही पट्टीची भर.

दोष यंत्राच्या पोटात होता. चावीच्या ग्रामोफोनमध्ये स्प्रिंग सुटत असताना वेग आवरायला एक गव्हर्नर असतो. त्याच्यावरची वजनं फिरता फिरता बाहेर फाकतात, छोटी चकती ओढली जाते आणि ती नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) तुकड्यावर घासून वेग धरते. नमदा झिजला की चकती पुढे सरकेपर्यंत वेग वाढतो. नमदा वाळून कडक झाला तर घासणं अडखळतं आणि आवाज डुलतो. सरांनी नवा नमदा चिकटवला, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि वेगाचा स्क्रू फिरवत रेघा स्थिर केल्या. स्टीलची सुईही बदलली, कारण ती एका बाजूपुरतीच. दुसऱ्यांदा लावली की खोबण खाते. या सगळ्यात तास-दीड तास गेला, शिपाईमामा दोनदा किल्ल्या वाजवून गेले.

पुन्हा रेकॉर्ड लागली. आवाज खाली उतरला होता, स्वर लांबवतानाचा श्वास आता समजत होता. मागच्या बाकावरचा गडी शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "सर, तरी नाही आवडलं." सरांचा चेहरा इतका खुलला की आम्ही बघत राहिलो. "मग आता लिही. आता तुझं ते खरं."

त्याच्या पानावर होतं: 'एक मि. चाळीस से. एकाच स्वराभोवती फार वेळ.' आणि ते अगदी बरोबर होतं, किराणा घराण्याचा जीव त्यातच. एकेक स्वर पुसून, उजळून पुढे न्यायचा. हे ज्याला नको त्याला किराणा नको, इथे कुणाचंच चुकत नाही.

कोल्हापुरात या नावडीला दुसरंही एक मूळ होतं. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी ठेवलं, त्यामुळे त्यांचं जयपूर-अत्रौली घराणं 'आपलं' आणि किराणा मिरजेचं, असं घरोघरी ठरून गेलेलं. गाण्याच्या देवल क्लबच्या पायऱ्या चढलेल्या आजोबांची नातवंडं ऐकायच्या आधीच नावड घेऊन वर्गात यायची. सर त्यांना दोन गोष्टी सांगत. एक, ज्या अल्लादियांच्या नावाने तुम्ही भांडता त्यांची एकही रेकॉर्ड निघालेली नाही, तेव्हा तुम्ही भांडताय ते शिष्यांच्या जोरावर. दुसरी, त्या शिष्यांतल्या केसरबाई केरकर लहानपणी याच कोल्हापुरात काही महिने शिकल्या त्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडे. अल्लादियांची तालीम त्यांना मिळाली ती फार पुढे. याच केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोन्याच्या तबकडीवर चढली. ती ऐकून "एवढी दूर पाठवलीय म्हणजे इथं कुणाला नको असणार" असा एक शेरा वहीत होता. सरांनी त्याच्यापुढे लाल शाईने 'पट्टी? ताल?' लिहून ठेवलं होतं.

कंटाळ्यावर त्यांचं औषध ठरलेलं होतं, ते तीन वेळा घ्यावं लागे. पहिल्यांदा नुसतं ऐकायचं. दुसऱ्यांदा गाणं सोडून फक्त तबला धरायचा आणि बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायच्या. जयपूरवाले बहुधा मध्यविलंबित त्रितालात गातात, मात्रेला साधारण सेकंद, म्हणजे सोळा-सतरा सेकंदांत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, परत येते. नवशिक्याच्या हातात ती सापडते. किराण्याच्या विलंबित एकतालात मात्रा बारा, पण एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची, त्यामुळे सम यायला मिनिटभर लागतं. मोजत नसणाऱ्याला हे मिनिट संपतच नाही. 'गाणं पुढं सरकत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथून उगम पावते. तिसऱ्यांदा फक्त तंबोरा ऐकायचा आणि गायक खर्जाच्या तारेवर कधी उतरतो तेवढं पाहायचं. तिन्ही झाल्यावर नावड टिकली तर पान. निम्मी पानं दुसऱ्या फेरीतच गळत. जी टिकत ती मात्र लोखंडासारखी.

एका वर्गभगिनीने कुमार गंधर्वांवर पान भरलं होतं: 'तान मध्येच तुटते, वाक्य पुरं होत नाही.' सरांनी कुमारांच्या क्षयाची हकिकत सांगितली. त्या दुखण्यात एक फुफ्फुस जवळजवळ गेलं, काही वर्षं गाणंच बंद पडलं, पुढे छोट्या छोट्या तुकड्यांचीच त्यांनी शैली केली. ती वरमली, म्हणाली पान फाडते. "अगं, फाडायचं नाही. खाली तारीख घाल आणि दुसरं लिही. कारण कळलं म्हणून कान बदलतो असं नाही." तिने दुसरं पान लिहिलं. त्यात नावड होतीच, फक्त सेकंद बदलले होते.

तट पडण्याची ही हौस या गावाला जुनी. आपल्याच मातीतल्या गायक-नट केशवराव भोसल्यांचे भक्त बालगंधर्वांच्या गोडव्याला नावं ठेवायचे आणि गंधर्ववाले केशवरावांच्या चढ्या, धारदार आवाजाला. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे 'मानापमान'मध्ये एकत्र उभे राहिले, तेव्हा दोन्ही तट एकाच मांडवाखाली आले. पुढच्या तीन महिन्यांत केशवराव गेले. त्यांच्या नावाचं नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं. खासबागेकडून जाताना अजून मान आपोआप दुसरीकडे वळते. हे विषयाला सोडून झालं, पण शाळेच्या स्मरणिकेत हे नाही लिहायचं तर कुठं लिहायचं?

सरकारलाही नावडी असतात, हे आम्हाला इतिहासाच्या पुस्तकाने नव्हे, त्या वहीने शिकवलं. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी केली. ती सैल व्हायला तीस वर्षं लागली. पन्नाशीच्या सुरुवातीला हिंदी चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा घरोघरच्या रेडिओच्या काट्यांनी १९५२ पासून रेडिओ सिलोन गाठलं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. सर म्हणत, बंदी घालणाऱ्या साहेबांनी पान भरलं असतं तर एवढा घोळ झाला नसता.

पेटीच्या बंदीमागचं कारण, म्हणजे तिचे ठरलेले सूर आपल्या स्वरांशी नेमके जुळत नाहीत हे, मात्र सरांना मान्य होतं. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या गावात असं बोलणं म्हणजे धाडसच. ते तंबोऱ्याने सिद्ध करत. मिरजेहून आणलेला शाळेचा तंबोरा पेटीच्या काळी एकला लावायचा: पहिली तार पंचम, जोडीच्या दोन तारा षड्ज, चौथी पितळी खर्ज. घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेची गुंजन, खुलवायची. दोरा केसभर पुढेमागे झाला की तार एकतर मुकी राहते नाहीतर नुसती झणझणते. जवारी लागली की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार आपोआप निघतो. तो स्वयंभू गंधार. तो घुमत असताना पेटीचा शुद्ध गंधार दाबायचा. एका पट्टीचे १०० भाग मानले तर पेटीचा गंधार १४ भाग वर असतो. दोन्ही एकत्र वाजले की हवेत हेलकावे उठतात, सेकंदाला अडीच-तीन. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाला ते ऐकू यायचे. त्यानंतर पेटी आवडणारे आवडवून घेतच राहिले, पण 'वाजते छान, पण काहीतरी खुपतं' म्हणणाऱ्याला खुपण्याची जागा मिळाली.

आता माझ्या ध्वनिमुद्रणाच्या कामात रोज हेच भेटतं. पोरं मोबाइलवर मल्लिकार्जुन मन्सूर ऐकतात आणि म्हणतात आवाज पातळ आहे. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर, मोबाइलचा स्पीकर २००-३०० च्या खाली जवळजवळ मुकाच. अर्धा गायक खिशातच राहतो. पंधरा रुपयांच्या नाही, पण साध्या तारेच्या इयरफोनवर तेच ऐका आणि मग बोला. जुन्या रेकॉर्डींचंही तसंच. १९२५ च्या आधीच्या कर्ण्यात गाऊन कोरलेल्या, त्यात वरचे सूर कोरलेच जात नसत, म्हणून 'स'चा उच्चार बोबडा येतो. गायक बोबडा नव्हता. शाळेत पुढे विजेचा प्लेअर आला, त्याची सुई दोन तोंडांची: ७८ साठी जाड, एलपीसाठी तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी बारीक. खटका फिरवायला विसरलं की बारीक सुई ७८ च्या खोबणीच्या तळाशी खरवडत जाई आणि गायकापेक्षा खरखर मोठी येई. वहीत अशी किमान तीन पानं आहेत, ज्यांत खरा नावडता तो खटका होता.

डॉल्बीवर सरांनी पान भरायला लावलं असतं का? महाद्वार रोडवरून मिरवणूक निघाली की हा प्रश्न दर वर्षी डोक्यात येतो. भरलं असतं तर 'कुठं बिनसलं' पुढे 'छातीत' असं लिहावं लागलं असतं. तक्रार चालीची नाही, ४०-६० हर्ट्झच्या धक्क्याची आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती तो परत ढकलतात, म्हणून मागच्या आळीत जाऊनही सुटका नाही. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची, रात्री दहानंतर ४५ ची. कागदावर. हलगी-घुमकं याच्या बरोबर उलट: चामडं जाळावर शेकून ताणलेलं, एका हातात आखूड टिपरी, दुसऱ्यात लांब बारीक काडी, ठोका टोकदार आणि लगेच विरणारा. तालमीत ती कानाशी वाजली तरी पुढच्या ठोक्याला जागा शिल्लक असते. मला तीच आवडते, म्हणून नियमाप्रमाणे कारण देत नाही.

जुनी इमारत उतरवताना कपाट भंगारात गेलं, वही मात्र एकाने उचलून ठेवली होती. ती या निमित्ताने पाहायला मिळाली. पुठ्ठा सुटलाय, शाई विटकरी झालीय. मधल्या एका पानावर सरांचं स्वतःचं अक्षर. पेटीवादनाची रेकॉर्ड, ताल त्रिताल, लय मध्य, यंत्र तपासले, रेघा स्थिर. शेवटच्या रकान्यात: 'दोन मि. दहा से. गंधार.' त्याखाली वेगवेगळ्या शाईत, निवृत्तीच्या वर्षापर्यंतच्या पाच तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे तेच तीन शब्द: 'पुन्हा ऐकले. गंधार.'