बँडेज सरळ कसं फाडायचं

यंदाच्या पवित्र गुरुवारची, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाची गोष्ट. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर ज्या 12 जणांचे पाय धुतात त्यात यावेळी माझं नाव होतं. पूर्वी यात फक्त पुरुष असायचे, 2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला तेव्हापासून बायकांनाही घेता येतं, तरी आमच्या मरोळच्या गावठाणात माझा नंबर लागायला इतकी वर्षं गेली. मला फार आनंद झाला होता. आदल्या रात्री टाचा घासल्या, नखं कापली, पर्समध्ये धुतलेले मोजे टाकले. सगळेच असं करतात, पाय धुवून घ्यायला आम्ही पाय धुऊनच जातो.

मी महापालिकेच्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, 19 वर्षं झाली, सध्या सर्जरी ओपीडीच्या ड्रेसिंग रूमला. शुगरवाल्यांचे पाय हेच तिथलं मुख्य काम. अडीचला ड्युटी संपते, दोन वाजून गेले होते, ट्रे आवरायला घेतला आणि तेवढ्यात एक बाबा आले, सत्तरीचे, गळ्यात तुळशीची माळ, एक हात बायकोच्या खांद्यावर, डाव्या पायाला मळकं फडकं गुंडाळलेलं. दारातूनच वास आला. मावशींनी पदर नाकाला लावला. आणि मी घड्याळाकडे बघत चांगल्या मोठ्या आवाजात बोलले, "बाबा, इतके दिवस काय करत होतात? पाय कापायची वेळ आल्यावर येता का?"

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तो पाय हळूच बाकड्याखाली ओढून घेतला. एवढंच. पण ते बघून माझ्या पोटात कालवलं.

"राहू दे बाई, कापूस आणि औषध द्या, मी माझं करून घेतो," म्हणाले.

टेबलावर चढायला त्यांना जमेना म्हणून मी बुटकं स्टूल ओढून त्यांच्या पायाशी बसले तर ते आणखीच कावरेबावरे झाले, तुम्ही खाली नका बसू म्हणाले. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात 13 व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र असाच अडून बसतो. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुवायला लागतो, जे काम त्या काळी गुलामाचं, आणि पेत्र म्हणतो माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. लहानपणापासून मला वाटायचं हा पेत्राचा नम्रपणा. त्या दिवशी वाटलं, त्याला लाज वाटली असणार. आपले पाय घाण आहेत हे ज्याला माहीत आहे त्याच्यासमोर कोणी वाकून बसलं तर त्याला उलट उघडं पडल्यासारखं होतं. त्या 12 जणांत येशूला धरून देणारा यहूदाही होता, त्याचेही पाय धुतले गेले, आणि मी तर आधी ओरडून मग वाकले होते.

"बाबा, मघाशी मी चुकीचं बोलले, माफ करा." ते म्हणाले, "तसं नाही हो, उशीर तर झालाच." मग त्यांच्याबरोबरच्या आई, त्यांची बायको, बोलल्या, तीन आठवडे गल्लीतल्या दवाखान्यात पट्टी बदलत होतो, पैसे जात होते, जखम काही भरत नव्हती.

फडकं जखमेला चिकटलं होतं. ते ओढायचं नसतं, सलाईन सोडत राहायचं आणि ते आपोआप सुटायची वाट बघायची. ते सुटलं, मग बाकीचा पाय साबणाने धुतला, बोटांच्या बेचक्यांतून पाणी टिपून घेतलं, तिथे ओल राहिली की कातडी फाटते. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, आठ आण्याएवढं भोक. मग मोनोफिलामेंट घेतलं, म्हणजे नायलॉनची एक तार, टेकवून वाकली की बरोबर 10 ग्रॅमचा दाब पडतो. म्हटलं डोळे मिटा, लागलं की हो म्हणा. सगळ्या तळव्यावर टेकवून झालं आणि बाबा डोळे मिटून अजून वाटच बघत होते.

ट्रेनिंगला असताना आम्हाला डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल सांगितलं होतं. मिशनऱ्यांचा मुलगा, 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजला आले आणि कुष्ठरोग्यांचे हातपाय दुरुस्त करण्यात आयुष्य घातलं. बोटं रोगाने सडून गळतात असं लोक समजायचे, त्यांनी दाखवून दिलं की बधिरपणामुळे दुखणं कळत नाही, जखमेवरच माणूस चालत राहतो आणि बोटं जातात. शुगरच्या पायाचंही तेच. त्यामुळे पायाबरोबर चप्पलही तपासायची असते, आणि नुसतं वरून बघून नाही, आत हात घालून. मी बाबांची चप्पल उचलली, घामाने काळी पडलेली, बाबा "अहो अहो" करत राहिले, आत बोटं फिरवली आणि ग्लोव्हला टोचलं. चांभाराने ठोकलेल्या खिळ्याचं टोक, बरोबर जखमेच्या जागी. तीन आठवडे पट्टी बदलत होते आणि प्रत्येक वेळी तीच चप्पल घालून घरी जात होते. आई कपाळाला हात लावून बसल्या.

डॉक्टरांना परत बोलवलं, त्यांनी जखम उघडून साफ केली, धनुर्वाताचं इंजेक्शन, एक्सरे, हाड वाचलं होतं. आता पट्टी. मी बँडेजचा रोल घेऊन कात्री शोधतेय, आमची कात्री बोथट, नेहमी तिरकं कापलं जातं, तर बाबांनी हात पुढे केला. पहिल्यांदाच. कापड अंगठा आणि बोटात चोळलं आणि म्हणाले, "फार विरळ आहे हो. आमच्या साच्यावर असं निघालं असतं तर जॉबरने उभं केलं असतं." बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणायच्या मागांवर होते, 82 च्या संपापर्यंत; जॉबर म्हणजे तिथला मुकादम. त्यांनी कडेचा एकच धागा नखाने उचलला, अलगद ओढला, कापडात रेघ पडल्यासारखी बारीक फट दिसली आणि त्या फटीवरून टर्रकन फाडलं. एकदम सरळ, एक दशी नाही. 19 वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं परत दाखवा. मग मावशीही जवळ आल्या, पदर कधीच खाली गेला होता, आणि बाबा आम्हा दोघींना शिकवत बसले, ताणा कुठला बाणा कुठला, धागा कुठून धरायचा, पाय माझ्या मांडीवर आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

निघायला साडेपाच झाले. घरी जाऊन अंघोळ वगैरे राहिलंच, दादरहून अंधेरी, तिथून मेट्रो, थेट चर्चला. दिवसभर बुटात उबलेले पाय, मोजे पर्समध्येच. आमचे फादर वयस्कर, गुडघे दुखतात, एकेका खुर्चीपुढे टेकत टेकत माझ्यापर्यंत आले आणि मी खरोखर पाय खुर्चीखाली ओढला. फादर थांबले, काही न बोलता हात पुढे धरून राहिले. मग दिला.

शुक्रवारी सुट्टी. शनिवारी बाबा आले, पायात नवीन मऊ चप्पल, बाकड्यावर बसल्या बसल्या ट्रेमधला रोल स्वतःच उचलला आणि विचारलं, "किती लांब पाहिजे?"