पत्ता सांगणारा चहा

परदेशी शहरात पोचल्यावर मी सगळ्यात आधी चहाचं दुकान शोधते. चहाचं म्हणजे पानांचं. नकाशात नुसतं 'टी' टाकलं की बबल टी किंवा केक-सँडविचची ठिकाणं पुढे येतात. ती असोत बापडी. मला हवं असतं ते दुकान, जिथला माणूस डबा उघडून आधी पानं हुंगायला देतो आणि हा चहा कुठल्या डोंगरावरचा, कुठल्या मोसमात खुडलेला आणि किती भाजलेला, हे न अडखळता सांगतो.

त्यासाठी तैवानच्या तैपेईसारखं शहर नाही. तिथला दादाओचंग हा भाग चहाच्या व्यापारावरच वाढला. जॉन डॉड या ब्रिटिश व्यापाऱ्याने 1869 मध्ये इथला ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला चहा, थेट न्यूयॉर्कला पाठवला आणि मग इथे पेढ्यांवर पेढ्या उभ्या राहिल्या. त्यातल्या काही अजून आहेत. 1883 पासूनची लिन हुआ ताई ही तर पाहताक्षणी गोदामच वाटते. सजावट नाही, नाजूक पुडे नाहीत. ओळीने मोठमोठी पत्र्याची पिंपं, प्रत्येकावर चहाचं नाव आणि भाव. भाव तिथल्या जिनचा, म्हणजे 600 ग्रॅमचा. एकाच चहाच्या चढत्या भावाची पिंपं शेजारीशेजारी असतात, त्यामुळे जास्त पैसे मोजून नेमकं काय मिळतं ते नाकानेच कळतं. डोंगदिंग हा तैवानचा एक भाजलेला ऊलाँग. त्याचे दोन प्रकार मी लागोपाठ हुंगले. स्वस्त होता त्यात भाजल्याचा वास पुढे होता. महाग होता त्यात तो मागे सरला होता आणि खालून फुलांचा दरवळ येत होता. हा फरक कुठल्याही पुस्तकाने मला इतका स्वच्छ दाखवला नव्हता.

तिथून चालत गेलं की वांग टी लागतं. या घराण्याचा धंदा 1890 चा. दुकानामागे कोळशावर चहा भाजायची जुनी खोली आहे आणि ती बघता येते. खड्ड्यात निखारे, आच मंद राहावी म्हणून त्यावर राखेचा थर आणि वर बांबूची टोपली, असं हे तंत्र. भिंतींमध्ये मुरलेला तो वास घेतला, की 'भाजलेला ऊलाँग' म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. इथे मी 'ओरिएंटल ब्यूटी' नावाचा ऊलाँग मागितला. उन्हाळ्यात तुडतुडे या चहाची कोवळी पानं चावतात, आणि त्याला झाड जो प्रतिसाद देतं त्यातून मधासारखा सुगंध तयार होतो. म्हणजे या मळ्यात कीटकनाशक फवारून चालतच नाही. पिऊन झाल्यावर भिजलेली पानं बशीत पसरून बघावीत, हे मी आवर्जून सांगेन. वरचा कोंब आणि खालची पानं एकाच देठावर अखंड दिसली, तर खुडणी काळजीपूर्वक झाली आहे असं समजायला हरकत नाही.

जपानच्या क्योतोमधलं इप्पोदो हे दुकान याच्या अगदी उलट, शांत आणि नेटकं. तेरामाची रस्त्यावरच्या या दुकानाची सुरुवात 1717 ची. आतल्या चहाघरात चहा आपला आपण करायचा असतो, शेजारी उभं राहून कर्मचारी मार्गदर्शन करतात. मी ग्योकुरो हा हिरवा चहा घेतला. खुडणीआधी जवळपास तीन आठवडे या झाडांवर सावली धरतात. 10 ग्रॅम पानांना पाणी फक्त 80 मिलिलीटर, तेही साठ अंशांचं आणि दीड मिनिट. उकळतं पाणी एका कपातून दुसऱ्या कपात ओतत निववायचं. शेवटचा थेंब पडेपर्यंत किटली कलती धरायची, कारण सगळी चव त्या शेवटच्या थेंबांत असते. जे हाती येतं ते दोन-तीन घोटांचं, दाट आणि चवीला जवळजवळ रश्शासारखं. असं करून दाखवणारं दुकान मला नुसत्या विक्रीच्या दुकानापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

युरोपात परिस्थिती वेगळी. पॅरिसचं मारियाज फ्रेर 1854 चं, डोळ्यांचं पारणं फेडणारं. पण तिथली कीर्ती मुख्यतः सुगंधित मिश्रणांची आहे. मला त्यात रस कमी. लंडनच्या डेरिंग स्ट्रीटवरचं पोस्टकार्ड टीज मात्र मनापासून आवडलं. दुकान लहानसं, पण माल छोट्या मळ्यांतला आणि पाकिटावर चहा कुणी केला, कुठे केला हे लिहिलेलं.

खरेदीचं म्हणाल तर काचेच्या बरणीत, उजेडात मांडून ठेवलेला हिरवा चहा मी घेत नाही, तो लवकर उतरतो. चाखल्याशिवाय मोठं पाकीट घेत नाही. दुकानदार ज्या भांड्यात, जितक्या पाण्यात चहा करतो ते प्रमाण तिथेच पाकिटावर लिहून घेते. आणि दुकानात गर्दी नसेल अशी वेळ निवडते, बहुधा सकाळी उघडल्या उघडल्या. त्या वेळी दुकानदाराला बोलायला सवड असते आणि एका चहावरून गोष्ट हमखास दुसऱ्या डब्याकडे जाते.