षड्ज सरकला

अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये मी काम करतो ते वर्कशॉप बाहेरून पंक्चर काढायच्या दुकानासारखं दिसतं. आत दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक बफिंग मोटर, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या, पाय काढलेल्या दहा-बारा पेडल स्टील गिटार. मी मूळचा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. वडिलांच्या शेडमध्ये ऑइल इंजिनाचे पार्ट करत वाढलो, बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलो. कंट्री या इथल्या गावरान ढंगाच्या संगीताशी माझा संबंध शून्य. पण या गिटारच्या पोटात जे असतं, शाफ्ट, क्रँक, रॉड, स्प्रिंगा, ते मला कळतं, म्हणून मालकाने ठेवून घेतलं. ही गोष्ट घडली तेव्हा मला लागून सात महिने झाले होते. सात महिन्यांत आपल्याला सगळं येतं असं वाटायला लागतं, तो काळ.

वाद्य थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर माझी चूक कळणार नाही. ही गिटार टेबलासारखी चार पायांवर उभी असते आणि वाजवणारा तिच्यापुढे बसतो. डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, उजवा पाय आवाज कमीजास्त करायच्या पेडलवर. डावा पाय आणि दोन्ही गुडघे सूर बदलायला. एका पट्टीवर दहा तारा. मोकळ्या छेडल्या की त्यात सा, ग, प मिळतात. 'ए' नावाचं पेडल दाबलं की पंचम चढून धैवत होतो. 'बी' दाबलं की गंधाराचा मध्यम होतो. दोन्ही एकदम दाबली की सा-म-ध. म्हणजे षड्ज जागच्या जागी उभा, आणि त्याच्या शेजारचे दोघे मींड घेत वर चढतात. कंट्री गाण्यातला तो रडवेला आवाज इथून येतो. तिसरं पेडल 'सी'. ते पंचमाबरोबर खुद्द षड्जालाही वर ढकलतं, सा चा रे करतं. ते कमी लागतं.

मंगळवार होता. मालक दाढ काढायला गेलेले. साडेआठला साठीची एक बाई पिकअपमधून भली मोठी पेटी घेऊन आली. दोघांनी मिळून आत आणली तरी माझी कंबर बोलली.

"डॅडींची आहे," ती म्हणाली. "बारा वर्षं पलंगाखाली होती. शेजारचा मुलगा यूट्यूबवरून शिकतो, तो म्हणाला, पेडलं कुणीतरी उलटी बसवलीत. तुम्ही सरळ करून, साफ करून ठेवाल का? चार वाजता त्यांना घेऊन येते. त्यांना काही सांगितलेलं नाही."

पेटीच्या झाकणाला आतून चिकटपट्टीचा तुकडा होता, त्यावर विटलेल्या शाईत 'सी बी ए'. आद्याक्षरं असणार. मी जॉब कार्डावर मालकाच्या रकान्यात सी. बी. ए. लिहिलं आणि गिटार उताणी केली.

शेजारचा मुलगा बरोबर होता. डावीकडून ए, बी, सी असायला हवं, ते इथे सी, बी, ए होतं. गुडघ्याचे लिव्हरसुद्धा अदलाबदल केलेले. जुन्या तेलाचं मेण झालेलं, ते नॅफ्थाने धुतलं. मग आडव्या शाफ्टांवरचे क्रँक सोडवले, रॉड काढले, एकेक करून दुसरीकडे बसवले, टोकाचे नायलॉन नट फिरवून प्रत्येक सूर ट्यूनरवर आणला. तिसरी तार नवी घातली. ती सगळ्यात बारीक, जाडी इंचाचे अकरा हजारांश, आणि सगळ्यात आधी तुटणारी. जेवायला उठलोसुद्धा नाही. काम देखणं झालं होतं, अजूनही म्हणतो.

शेवटी पेडलं बफला लावताना एक गोष्ट दिसली होती. मधलं आणि उजवीकडचं पेडल बुटाने घासून गुळगुळीत झालेलं, आणि डावीकडच्यावर कंपनीतल्या फाइलच्या रेघा अजून शाबूत. माझे वडील नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे, आधी झीज बघ, मग ड्रॉइंग बघ. मी झीज बघितली, "गंमत आहे" म्हणालो, आणि तिन्ही पेडलं एकसारखी चकचकीत करून टाकली.

चारला दहा कमी असताना ते आले. शहाऐंशी वर्षांचे, उंच, हातात काठी, डोक्यावर बेसबॉलची टोपी. गिटार पाहून काही बोलले नाहीत. खुर्ची दोनदा मागेपुढे केली, नख्या चढवल्या, कांडी पुसली आणि सुरुवात केली.

पहिले दोन सूर असे आले की मी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांचा डावा पाय दाबला गेला आणि षड्ज सरकला. सा-म-ध यायच्या जागी रे-म-ध आलं. भजनी मंडळात पेटी धरलेल्या माणसालाही कळेल इतकं उघड.

ते थांबले. पुन्हा तीच जागा, पुन्हा रे. तिसऱ्यांदा अगदी सावकाश. मग त्यांनी वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. गिटारकडे नाही, पायाकडे. त्यांची मुलगी माझ्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. तिला वाटलं, गेलं सगळं. त्यांनाही तेच वाटलं असावं. ते नख्या काढायला लागले.

नेमके तेव्हा मालक गालात कापूस धरून आत आले. त्यांनी फक्त ऐकलं होतं, दारातून. बोबड्या आवाजात मला एकच प्रश्न विचारला, "डे की एमन्स?"

मला प्रश्नच समजला नाही, आणि त्यातच त्यांना उत्तर मिळालं.

ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं, ते असं. 1953 च्या अखेरीला बड आयझॅक्स या वादकाने वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात सूर वाजत असतानाच पेडल दाबून तो वर चढवला. 1954 मध्ये गाणं तुफान चाललं आणि देशभरच्या स्टील वादकांनी आपापल्या गिटारला मिळेल ते जोडून पेडलं बसवायला सुरुवात केली. आयझॅक्सच्या एकाच पेडलमध्ये दोन्ही सूर एकदम चढायचे. पुढे बडी एमन्स आणि जिमी डे या दोघांनी ते काम दोन पेडलांत वाटून घेतलं. पण एकाने ए-बी असा क्रम धरला, दुसऱ्याने बरोबर उलटा. बहुतेक जग एमन्सच्या मागे गेलं. काही लोक डेच्या मागे राहिले. दोन्ही बरोबर. उलटं बसवलेलं काहीच नव्हतं.

मी म्हाताऱ्यांपुढे जाऊन उकिडवा बसलो. "तुमचा पाय बरोबर आहे. चूक माझी आहे. पेडलं मी आज सकाळी बदलली."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मुलीकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? पाय बरोबर आहे." आणि मला, "किती वेळ लागेल, पोरा?"

"चार तास."

"मला कुठे जायचंय."

ते थांबले, मुलगीही थांबली. मी गिटार पुन्हा उताणी केली आणि मालक हेक्स पाना घेऊन समोरच्या बाजूला बसले, दाढेसकट. म्हातारे बोलत होते. साठच्या दशकात इथे ध्वनिमुद्रणाच्या वेळा ठरलेल्या असत: दहा, दोन, सहा आणि पुन्हा रात्री दहा. तीन तासांत साधारण चार गाणी. लिहिलेलं नोटेशन कुणाला नको असे, कागदावर एक, चार, पाच असे कॉर्डचे, म्हणजे एकदम वाजायच्या स्वरगटांचे, आकडे टाकायचे आणि वाजवायचं. तबकडीवर गायकाचं नाव, गीतकाराचं नाव. स्टील कुणी वाजवली ते युनियनच्या कागदावर, पगारापुरतं.

मी नावं विचारली तर त्यांनी स्वतःचं सोडून सगळ्यांची सांगितली. 1964 चं बक ओवेन्सचं 'टुगेदर अगेन', त्यातला स्टीलचा तुकडा टॉम ब्रुमलीचा. त्याच वर्षीचं कॉनी स्मिथचं 'वन्स अ डे', त्यात वेल्डन मायरिक. टॅमी विनेटच्या 'स्टँड बाय युअर मॅन'मधला पीट ड्रेक, ज्याला पुढे बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने लंडनला बोलावून घेतलं. आणि रे प्राइसचं 1956 चं 'क्रेझी आर्म्स'. त्यावर वाजवणारा जिमी डे, पण ते गाणं लिहिणाऱ्या दोघांतला एक राल्फ मूनी, तो कॅलिफोर्नियातला स्टील वादक. "एका स्टीलवाल्याचं गाणं, दुसऱ्या स्टीलवाल्याचा हात, आणि लोक म्हणतात रे प्राइसचं," असं म्हणून ते खो खो हसले. त्यात कडवटपणा मला तरी दिसला नाही. आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या वादकांनी हेच आयुष्य काढलं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. माझ्या हातात नट होता आणि तो निसटत होता.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"हे सगळे दुसरीकडे अडकले की माझा फोन वाजायचा."

सव्वाआठला शेवटचा रॉड बसला. सूर मालकांनी लावले, मला हात लावू दिला नाही. म्हाताऱ्यांनी खुर्ची पुन्हा दोनदा मागेपुढे केली आणि तीच जागा घेतली. पंचम चढला, गंधार चढला, सा हलला नाही. पुढची वीस मिनिटं ते थांबलेच नाहीत. तालमीच्या अभावाने कांडी दोन-चारदा घसरली, तेव्हा स्वतःलाच शिव्या घातल्या. मग तिसरी तार तुटली, मीच सकाळी घातलेली. "तारसुद्धा याचीच," असं म्हणून मुलीला डोळा मारला.

पैशांचं विचारलं तर मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्यांनी पेटीच्या कडीला लटकवलेलं जॉब कार्ड हातात घेतलं, चष्मा वर करून वाचलं. मालक: सी. बी. ए. मग झाकणाच्या आतली चिकटपट्टी पाहिली, मग पेडलांकडे, डावीकडून उजवीकडे. ती चिठ्ठी त्यांनी वाद्य वाहून नेणाऱ्या पोरांसाठी लावली होती, पेडलं चुकीच्या क्रमाने जोडू नयेत म्हणून.

मी कार्ड परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ते घडी घालून खिशात टाकलं, आणि पेटीचं एक टोक उचलायला मला खुणावलं.